गोळ्यांखालची ओळ

सुट्टीच्या कागदावर गोळ्यांची नावं संपली,
खाली दोन बोटं जागा उरली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथे तुम्ही लिहा,
त्यांचं गाव तुम्हाला ठाऊक.

मी लिहिलं:
गुरुवारी भजन मंडळात बसणे.
रोज संध्याकाळी कुबड्यांवर समाजमंदिरापर्यंत जाणे.
कोणाशी तरी बोलणे.
'कोणाशी तरी'खाली रेघ मारली.

झिबल मारबते, वय एकसष्ट,
डावा पाय गुडघ्याखाली नाही.
भंडाऱ्याहून गाडीनं बोरतलावच्या पाळीपर्यंत आणला,
पुढे रस्ता नळयोजनेसाठी खोदलेला.
चौघांनी खुर्चीसकट उचलला
तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.
मागून पार्बताबाई, एक्सरे आणि एकच चप्पल घेऊन.
दुसरी वॉर्डातच राहिली म्हणाली,
आणि मग, राहू दे.

पहिल्या गुरुवारी गेला नाही.
दुसऱ्या गुरुवारी म्हणाला,
'मले मांडी घालता येत नाई, बाई.
देवापुढं खुर्ची टाकून बसू का?'
तिसऱ्या गुरुवारी भजन मंडळच
कुणाच्या तरी तेरवीला बाहेरगावी.

माणसं येत, नाही असं नाही.
ढिवरांच्या संस्थेचे सगळे येऊन गेले,
यंदा मरळ कमी, बोटरी तर दिसतच नाही, सांगून गेले.
शुगर किती, दारातूनच विचारत.
पायाकडे न बघायची सगळ्यांची एकच रीत:
छपराकडे बघायचं.
मीही तेच करत होते, हे उशिरा कळलं.

माझ्या रजिस्टरात रकाने:
गोळ्या घेतो, होय.
जखम कोरडी, होय.
समाजात मिसळतो,
इथे पेन्सिलनं 'प्रयत्न चालू',
खोडता यावं म्हणून.

मग पोळ्याच्या आधी कधीतरी
कुणाचा तरी गोऱ्हा सुटला
आणि शाळेच्या व्हॉलीबॉलच्या जाळीतून आरपार गेला.
नववीतला आस्तिक उईके ती जाळी
खांद्यावर टाकून दारात उभा.
त्यानं सरळ पायाकडेच पाहिलं.
'दुखते का जी, आबाजी?'
'नाई तो दुखते. हाये तो खाजते.'
पोरगा हसला. म्हातारा हसला नाही,
पण हात पुढे केला, आण इकडे.
जाळी बोटांवर ताणून बघितली,
'हे काय जारं हाये का रे?
यातून तर म्हैस निंगून जाईन.'

बांबूची चपटी सुई कुठे ठेवली, आठवेना.
पार्बताबाईनं चूल सोडून शोधली.
छपरात खोचलेली होती,
सगळे इतके दिवस बघत होते तिथेच.

दोन दिवस नायलॉनचा दोरा, गाठीमागून गाठ.
तिसऱ्या दिवशी म्हणे, पोट्टे ढिली बांधतील.
कुबड्या काखेत घेऊन निघाला,
समाजमंदिराच्या पुढे शंभर पावलं,
मी लिहिलं होतं त्याहून जास्त.
तीनदा टेकला. एकदा हापशीवर पाणी प्याला.

आता खांबापाशी त्याची खुर्ची असते.
गुण तो मोजतो, भांडणं तो लावतो,
चेंडू रेषेबाहेर म्हणाला की बाहेर.
गुरुवारी खंजिरी सुरू झाली की ओरडतो,
'हळू वाजवा गा, सर्व्हिस चालू हाये!'
परवा घरी कुणावर तरी चिडून
दिवसभर जेवला नाही. ते दुखणं वेगळं.
त्यावर मी काही लिहिलेलं नाही.

रकाना शाईनं भरायला बसले
तर काय भरू सुचेना.
भजन मंडळ, गेला नाही.
गोऱ्हा, यासाठी रकाना नव्हता.

काल पुन्हा दोन बोटं जागा,
पवनीकडची बाई, पाठ भाजलेली, सोमवारी सुट्टी.
पेन उघडलं, बंद केलं. विचारलं,
'मावशी, तुमच्या गावात फाटलेलं काय आहे?'
ती बराच वेळ सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिली.
म्हणाली, 'अंगणवाडीचा पडदा.'
मग कूस बदलता बदलता,
'अन् माह्यं, नंदेशी.'